री ओढणारा आवाज : जुना जालना व गोदाकाठच्या समूहगायनाचा एक विचार

१

‘दुसऱ्याची री ओढणे’ हा वाक्प्रचार आज मराठीत निंदेच्या अर्थाने रूढ आहे. ज्याला स्वतःचे मत नाही, जो पुढच्याने म्हटले तेच मागून म्हणतो, त्यास आपण री ओढणारा म्हणतो. परंतु या वाक्प्रचाराचा उगम गायनात आहे. मुख्य गायकाचा चरण संपत आला की त्याच्या मागे उभा असलेला साथीदार चरणाचा अखेरचा स्वर उचलतो आणि लांबवितो. मुख्य गायक त्या अवधीत श्वास घेतो, पुढचे शब्द आठवतो, श्रोत्यांकडे पाहतो. स्वर मात्र तुटत नाही. री ओढणे म्हणजे गाण्यात खंड पडू न देणे. हे काम हलके नव्हे. भाषेने त्यास पुढे हलके ठरविले, आणि आमच्या मते लोकसाहित्याच्या अभ्यासकांनीही, जाणून नव्हे पण सवयीने, तेच केले.

भारतीय संगीत एकस्वरी आहे, त्यात पाश्चात्य हार्मनीसारखी अनेक स्वरांची एकत्र रचना नाही, असे विधान आपल्या पाठ्यपुस्तकांत नेहमी आढळते. स्वतंत्र चाली एकाच वेळी चालविण्याची रचना असा हार्मनीचा अर्थ घेतला तर हे विधान बरोबर आहे. परंतु त्यावरून आपल्या धार्मिक समूहगायनात एका वेळी एकच आवाज ऐकू येतो असा निष्कर्ष काढला जातो, तो मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. गोदावरीच्या खोऱ्यातील भजन, पारायण, गोंधळ आणि जात्यावरील ओवी यांत दुसरा आवाज सतत उपस्थित असतो. कधी तो वीणेच्या तारेचा असतो, कधी टाळकऱ्यांचा, कधी झीलकऱ्याचा, तर कधी दगडी जात्याचा. या दुसऱ्या आवाजाचे स्वरूप पाहणे आणि आपल्या छापील संहितांतून तो का नाहीसा झाला याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनाचे केंद्र म्हणून जुना जालना घेतला आहे. कुंडलिका नदीने जालना शहराचे जुना जालना व नवा जालना असे दोन भाग केले आहेत. जुन्या भागात आनंदी स्वामींचे मंदिर आहे. ते सुमारे अडीचशे वर्षांचे असून महादजी शिंदे यांनी बांधले असे सांगितले जाते. आषाढी एकादशीस येथे यात्रा भरते व स्वामींची पालखी निघते. ज्यांस पंढरपुरास जाणे घडत नाही त्यांची वारी या पालखीबरोबर होते. जालना जिल्ह्यातीलच जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (इ. स. १६०८). दक्षिणेस गोदावरीच्या काठी एकनाथांचे पैठण, ज्ञानदेवांच्या घराण्याचे आपेगाव आणि जनाबाईंचे गंगाखेड आहे. समूहाने देवाचे नाव गाण्याची मराठी रीत ज्या प्रदेशात घडली त्याच्या मध्यावर हे शहर उभे आहे.

२

दुसऱ्या आवाजाचा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. सामगानाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. सोमयागात एक साम एकटा उद्गाता गात नाही. प्रस्तोता, उद्गाता व प्रतिहर्ता हे तिघे ऋत्विज त्याचे भाग वाटून घेतात. प्रस्ताव, उद्गीथ, प्रतिहार, उपद्रव व निधन अशा पाच भक्तींपैकी अखेरचे निधन तिघे मिळून गातात. याखेरीज उपगातृ नावाचे साहाय्यक असतात. सामाचे गान चालू असताना त्यांनी मंद्र स्वरात ‘हो’ हा ध्वनी धरून ठेवावयाचा आणि यजमानाने ‘ॐ’ म्हणावयाचे, असे श्रौतसूत्रांचे विधान आहे. येथे वाद्य नाही. मानवी कंठ हाच आधारस्वर आहे आणि त्यावर दुसरा मानवी कंठ साम गात आहे. वाद्याच्या साथीवाचून, आधारस्वरावर चाललेल्या पवित्र गायनाचे याहून जुने व स्पष्ट उदाहरण आपल्याकडे शोधावे लागणार नाही.

दुसरा पुरावा याच प्रदेशातला आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने देवगिरी येथे ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या तिसऱ्या, प्रकीर्णक नावाच्या अध्यायात वृंदाचे, म्हणजे गायकसमूहाचे लक्षण दिले आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार वंशीवादक व चार मृदंगवादक असावेत. याहून मोठ्या वृंदास ‘कोलाहल’ म्हणावे. या संख्येपेक्षा वृंदाचे जे गुण ग्रंथकाराने सांगितले आहेत ते आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत. मुख्य गायकाचे अनुसरण, परस्परांशी मेळ आणि तालाचे अनुवर्तन हे गुण अपेक्षितच होते. परंतु त्यांबरोबर परस्परांचे तुटलेले दुवे सांधून घेणे, मंद्र, मध्य व तार ही तिन्ही स्थाने व्यापण्याची शक्ती आणि शब्दसादृश्य, म्हणजे सर्वांचा ध्वनी एकसारखा उमटणे, हेही गुण त्याने गणिले आहेत. परस्परांच्या तुटी सांधणे यास त्याने ‘मिथस्त्रुटितनिर्वाह’ असा शब्द योजिला आहे. एकाचा श्वास संपला तर दुसऱ्याने ती जागा भरावी, असा त्याचा सरळ अर्थ होतो. साध्या मराठीत सांगावयाचे तर हे री ओढणे होय. ज्या क्रियेची आपण थट्टा करतो तिला देवगिरीच्या दरबारातील शास्त्रकाराने वृंदाचा गुण मानले होते.

तिसरी गोष्ट आधारस्वराच्या वाद्याची. शार्ङ्गदेव एकतंत्री वीणेचे माहात्म्य सांगतो. परंतु आज गायनाच्या मागे अखंड षड्ज देणारा जो तंबोरा आपण गृहीत धरतो, तो त्याच्या ग्रंथात त्या कामासाठी आढळत नाही. तंबोऱ्याचे आजच्या स्वरूपाशी मिळणारे रूप सोळाव्या-सतराव्या शतकांतील चित्रांत दिसू लागते. तेव्हा वाद्यातून आधारस्वर धरण्याची रीत आज आहे त्या स्वरूपात फार प्राचीन मानता येत नाही. कंठाने स्वर धरण्याची रीत मात्र तिच्या पुष्कळ आधीची आहे. हा क्रम ध्यानात ठेवला म्हणजे पुढील उदाहरणांचा अर्थ नीट लागतो.

३

वारकरी भजनातील वीणा ही रुद्रवीणा नव्हे, सतारीसारखी गत वाजविण्याचे वाद्यही नव्हे. आकाराने लहान तंबोराच असलेली ही वीणा खांद्यावर घेऊन उभ्याने वाजवितात, आणि तिच्यातून केवळ आधारस्वर निघतो. वीणेकरी चाल वाजवीत नाही, लय दाखवीत नाही. लय पखवाजाकडे व टाळांकडे असते, चाल गायकाकडे. असे असूनही दिंडीत मान वीणेकऱ्याचा असतो. त्याच्याभोवती दिंडी चालते व थांबते.

अखंड हरिनाम सप्ताहात या वाद्याचे स्थान आणखी स्पष्ट होते. पहाटेची काकड आरती, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन व जागर आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन असा सात दिवसांचा क्रम असतो. हे सर्व कार्यक्रम सुरू होतात व संपतात. वीणा मात्र संपत नाही. ती भूमीवर ठेवावयाची नाही असा नियम आहे. गावातील माणसे पहारे वाटून घेतात. एकाचा पहारा संपला की दुसरा येऊन नमस्कार करतो, पहिलाही त्यास नमस्कार करतो आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. मध्यरात्री मंडपात श्रोता नसला तरी तार वाजत असते. ‘अखंड’ हे विशेषण सप्ताहास लागते ते मुख्यतः या तारेमुळे. शार्ङ्गदेवाने जो गुण वृंदात मागितला तो येथे सात दिवस व सात रात्री पाळला जातो, आणि तोही ज्यांनी शास्त्र वाचलेले नाही अशा शेतकऱ्यांकडून.

कीर्तनातील ध्वनीची रचनाही पाहण्यासारखी आहे. कीर्तनकार पुढे, वीणेकरी त्याच्या मागे, दोन्ही बाजूंस टाळकऱ्यांच्या ओळी. कीर्तनकार अभंगाचा चरण म्हणतो. तो पुरता संपण्यापूर्वीच टाळकऱ्यांतील चाली म्हणणारे गायक अखेरच्या अक्षरांवर तो उचलतात. काही क्षण दोन्ही आवाज एकमेकांवर येतात. नंतर कीर्तनकार थांबतो आणि ध्रुपद टाळकऱ्यांच्या कंठात फिरू लागते. कोणी ते मध्य सप्तकात म्हणतो, एखादा उंच गळ्याचा तरुण तार सप्तकात जातो, वयस्कर माणसे खाली राहतात. चाल एकच असते, पण प्रत्येकाच्या गळ्याचे वळण निराळे. मग टाळ मंद होतात, कीर्तनकार निरूपणास आरंभ करतो आणि शेवटच्या आवर्तनाचा नाद त्याच्या पहिल्या वाक्याखाली विरत जातो. यात हार्मनी नाही, हे खरे. पण यास एकस्वरी म्हणावे तर ऐकणाऱ्याचे कान साक्ष देत नाहीत.

येथे टाळ-पखवाजाची साथ आहे, तेव्हा हे शुद्ध कंठसंगीत नव्हे असे कोणी म्हणेल. त्याने ज्ञानेश्वरीचे सामुदायिक पारायण ऐकावे. सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ सात दिवसांत वाद्यावाचून, एका चालीत, पुरुष, स्त्रिया व मुले मिळून वाचतात. व्यासपीठावरील चालक ओवी उचलतो व शेकडो वाचक तीत मिसळतात. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले व चौथा आखूड, ही रचना आपण छंदःशास्त्रात शिकवितो. सामुदायिक वाचनात तिचा एक व्यावहारिक उपयोग कळतो. आखूड चरणानंतरच्या विरामात काहीजण श्वास घेतात, काहींनी तो आधीच घेतलेला असतो. परिणामी वाचनाचा प्रवाह थांबत नाही. पुरुषांचा व स्त्रियांचा आवाज सप्तकाच्या अंतराने चालतो, मुलांचा त्याच्याही वर. तिन्ही स्थाने व्यापणे म्हणजे काय याचे हे ग्रामीण प्रात्यक्षिक होय. इ. स. १५८४ मध्ये एकनाथांनी पैठणास ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आपण त्या शुद्धीचा विचार शब्दांच्या अंगाने करतो. पण सर्वांनी मिळून म्हणावयाच्या ग्रंथास एकच पाठ असणे ही समूहगायनाचीही गरज आहे, हे विसरता कामा नये.

समर्थ रामदासांनी दासबोधात कीर्तनाचा विचार एकाहून अधिक ठिकाणी केला आहे. चौथ्या दशकाचा दुसरा समास कीर्तनभक्तीचा आहे. चौदाव्या दशकात कीर्तनाची व हरिकथेची लक्षणे येतात. हा उपदेश प्रामुख्याने कीर्तन करणारास उद्देशून आहे. त्याची वाणी, त्याचे पाठांतर, त्याचे वैराग्य यांची चर्चा होते. मागे उभ्या असलेल्या माणसास कोणता ग्रंथ उपदेश करतो? त्याचे शिक्षण ग्रंथातून नव्हे, दिंडीतून होते. आणि म्हणूनच ते ग्रंथाच्या अभ्यासकास दिसत नाही.

४

भजनापेक्षा गोंधळात व शाहिरीत दुसरा आवाज अधिक ठसठशीत आहे. गोंधळ हा देवीच्या उपासनेचा विधी. मुख्य गोंधळी कथा सांगतो व गातो. त्याच्याबरोबर संबळ, तुणतुणे व झांज असते. तुणतुण्यास एकच तार. तिचे काम वारकऱ्यांच्या वीणेचेच, फक्त येथे ती अखंड न वाजता लयीबरोबर तुटक वाजते. म्हणून तुणतुणे आधारस्वर व लय ही दोन्ही कामे करते. ते वाजविणारा बहुधा झील धरतो. मुख्य गायकाचा चरण जेथे टेकतो तेथून उंच आवाजात ‘जी जी’ किंवा केवळ आकार घेऊन तो स्वर लांबवितो, आणि मुख्य गायक पुढचा चरण उचलीपर्यंत, पुष्कळदा उचलल्यानंतरही, तो सोडत नाही.

शाहिरी पोवाड्यात हेच काम झीलकरी करतो, तमाशात सुरत्ये करतात. सुरत्या हा शब्दच त्याच्या कामाची व्याख्या आहे. तो सूर धरणारा आहे. शाहिराच्या डफाचे, ढोलकीवाल्याच्या बोटांचे कौतुक होते. सुरत्याचे नाव जाहिरातीवर येत नाही. पण तो गैरहजर असेल तर शाहिरास दोन चरणांमध्ये श्वास घेण्यास जागा उरत नाही, आणि वीररसाचा पोवाडा धापा टाकीत म्हणावा लागतो. वाङ्मयाच्या अंगानेही हे महत्त्वाचे आहे. पोवाड्यातील चरण कोठे मोडावा, पालुपद किती अंतराने यावे, लांब चरणांची माळ किती ताणावी, या गोष्टी केवळ कवीच्या मर्जीवर ठरलेल्या नाहीत. मागे स्वर धरणारा माणूस आहे, हे गृहीत धरून ती रचना झाली आहे. झील वजा करून पोवाड्याच्या छंदाची चर्चा करणे म्हणजे नाटकातील एकाच पात्राची भाषणे वाचून संवादाचे परीक्षण करण्यासारखे आहे.

५

जात्यावरील ओवीत वाद्यही नाही व साथीदाराचा मानही नाही. तेथे दोन स्त्रिया समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यास हात लावतात आणि पहाटेच्या अंधारात दळतात. एक ओवी म्हणते, दुसरी तिचा चरण पुन्हा घेते किंवा पुढे नेते. हे गायन फार जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया काम करताना ओवी गातात असा उल्लेख येतो, आणि शार्ङ्गदेवानेही ओवीस प्रबंधांत जागा दिली आहे. जनाबाईंच्या नावाशी जाते कायमचे जोडले गेले, ते याच परंपरेमुळे.

या गायनाचा आधारस्वर जाते देते. दगडावर दगड फिरतो तेव्हा निघणारी घरघर नेमक्या स्वराची नसते. धान्य किती टाकले व वेग किती आहे त्याप्रमाणे ती बदलते. तिला षड्ज म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ती अखंड आहे, खालच्या स्थानात आहे, आणि ओवी तिच्यावर टेकते. ओवी म्हणणारी थांबली तरी ध्वनी थांबत नाही. म्हणून थांबण्याचे भय उरत नाही. आणखी एक गोष्ट. जात्याच्या आवाजाखाली बोललेले पलीकडच्या खोलीत नीट ऐकू जात नाही. सासरचे दुःख, माहेरची ओढ, भावावरचा रुसवा या गोष्टी ओवीत एवढ्या मोकळेपणे का आल्या, याचे एक कारण या घरघरीतही आहे असे आम्हास वाटते. आधारस्वर येथे आडोसाही झाला.

ओव्यांच्या संकलनाचे काम मराठीत मोठे झाले आहे. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’, सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली लोकसाहित्य समितीने प्रसिद्ध केलेली पुस्तके आणि इ. स. १९८० नंतर हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी उभा केलेला एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह यांचे ऋण प्रत्येक अभ्यासकावर आहे. यांपैकी शेवटच्या उपक्रमात बर्नार बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणेही झाली, हा त्याचा विशेष. त्या मुद्रणांत दुसरी स्त्री ऐकू येते. छापील पुस्तकात ती ऐकू येत नाही, कारण तिने म्हटलेला चरण पहिलीचाच असतो, आणि एकच चरण दोनदा छापण्याचे कारण संपादकास दिसत नाही. अशा रीतीने दोघींचे गाणे एकीचे झाले.

६

आतापर्यंतचे विवेचन एका परंपरेपुरते होते. जालन्यास याच प्रश्नाची दुसरी बाजूही येऊन गेली आहे. इ. स. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमधून फ्री चर्च वेगळे झाले. त्याच वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. पुढे ते फ्री चर्चचे धर्मोपदेशक झाले आणि इ. स. १८६० नंतरच्या काळात त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. निजामाच्या राज्यात सालारजंगांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर, जालन्यापासून जवळच, त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली.

संगीताच्या इतिहासात या चर्चचे वैशिष्ट्य असे की, उपासनेत वाद्य वाजवू नये हा त्याचा स्वदेशातील नियम होता. ऑर्गनला परवानगी देण्याचा निर्णय त्याच्या महासभेने इ. स. १८८३ मध्ये घेतला. तोपर्यंत देवाची स्तुती केवळ मानवी कंठाने करावयाची, आणि तीही मुख्यतः इ. स. १६५० च्या पद्यबद्ध स्तोत्रसंहितेतून. ज्या काळात जुन्या जालन्यातील भजनात वीणा खाली ठेवणे निषिद्ध होते, त्याच काळात जवळच ज्या चर्चची वसाहत उभी राहिली त्या चर्चच्या परंपरेत वाद्य आत आणणे निषिद्ध होते. दोन्ही नियमांमागील भाव फार दूरचे नाहीत. कशाने गावे आणि कशाने गाऊ नये हा दोघांसही केवळ सोयीचा प्रश्न वाटला नाही, उपासनेचा वाटला.

साम्य येथेच थांबत नाही. सतराव्या शतकात, पुस्तके थोडी व वाचता येणारे त्याहून थोडे असताना, ब्रिटनमधील प्रेस्बिटेरियन उपासनेत अग्रगायकाने स्तोत्राची एक ओळ म्हणून दाखवावी व मंडळीने ती मागून गावी अशी रीत पडली. शहरी मंडळ्यांतून ती मागे पडली व तेथे एकोणिसाव्या शतकात सोलफा पद्धतीने शिकविलेली चार आवाजांची हार्मनी आली. परंतु स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुइस बेटावर गेलिक भाषेत स्तोत्रे गाणाऱ्या मंडळ्यांनी जुनी रीत आजपर्यंत राखली आहे. तेथे अग्रगायकाची ओळ संपता संपता मंडळी ती उचलते. प्रत्येक जण तीच चाल स्वतःच्या गळ्याच्या वळणाने, स्वतःच्या संथपणाने गातो. आणि सर्वांचे मिळून लाटेसारखे वर-खाली होणारे एक गायन होते. वारकरी ध्रुपदाचे आम्ही वर केलेले वर्णन आणि हे वर्णन यांत फरक आहे तो टाळ-पखवाजाचा व लयीचा. आवाज एकमेकांवर येण्याची रीत एकच आहे.

स्वर धरण्याची रीतही अन्यत्र आढळते. ग्रीक चर्चच्या परंपरेत पाठकाच्या चालीखाली काही गायक एकच स्वर धरून ठेवतात, त्यास इसोन म्हणतात. अल्बानियातील लोकगायनात त्याच नावाने व त्याच रीतीने समूह स्वर धरतो, आणि त्या गायनास युनेस्कोने इ. स. २००५ मध्ये मानवजातीच्या वारशात स्थान दिले. तेथील अभ्यासकांनी स्वर धरणाऱ्यास गायनाचा स्वतंत्र घटक मानले, त्याच्या कामास नाव दिले, त्याची नोंद केली. उपगातृ, वीणेकरी, झीलकरी, सुरत्या ही आपली नावेही कमी अर्थपूर्ण नाहीत. ती केवळ एकत्र मांडली गेली नाहीत.

मराठी ख्रिस्ती परंपरेनेही पुढे या देशी रीतीकडे वळण घेतले. कृष्णराव सांगळे यांची ख्रिस्ती कीर्तने आणि नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची भजने व अभंग यांनी मराठी चर्चमध्ये टाळ व कीर्तनाची चाल आणली. पाश्चात्य चालीवरचे चार आवाजी गीत आणि देशी चालीवरचे भजन अशा दोन्ही रीती मराठी मंडळ्यांत शेजारी शेजारी नांदल्या. समूहगायनाचा अभ्यास करणाऱ्यास याहून चांगली तुलनेची सामग्री क्वचितच मिळेल.

७

वरील विवेचनावर एक आक्षेप संभवतो. आधारस्वर हा स्वतंत्र आवाज नव्हे; तो केवळ पार्श्वभूमी आहे, जसे चित्रास कापड. तेव्हा त्यास दुसरा आवाज म्हणणे हे शब्दांचे ताणणे नाही काय? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते आम्हास मान्य आहे इतपत की, वीणेच्या तारेस स्वतःची चाल नाही. परंतु चाल नसणे म्हणजे कार्य नसणे नव्हे. आधारस्वर असल्यामुळे गायकाचा प्रत्येक स्वर कशाच्या तरी संबंधात ऐकू येतो. जवळचा स्वर ताण निर्माण करतो, संवादी स्वर तो सोडवितो. शिवाय झीलकरी व टाळकरी तर केवळ एक स्वर धरून राहत नाहीत. ते चरण उचलतात, लांबवितात, वर नेतात. त्यांचे स्वातंत्र्य मर्यादित आहे, पण ते पार्श्वभूमी खचित नव्हेत. ‘हार्मनी आहे की नाही’ या एकाच कसोटीने पाहिले म्हणून ही मधली सर्व भूमी आपल्या दृष्टीआड राहिली.

याचा परिणाम अभ्यासावर कसा झाला ते पाहणे आवश्यक आहे. इ. स. १८९१ मध्ये अॅकवर्थ व शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हापासून लोकवाङ्मयाची संहिता मिळविणे, पाठ लावणे व छापणे हे काम आपण निष्ठेने केले. ते करणे अवश्य होते. पण संहिता ही मुख्य गायकाची असते. झील छापील पानावर फार तर पालुपदाच्या खुणेने दिसते. टाळकऱ्यांचे उचलणे दिसत नाही. जात्यावरची दुसरी स्त्री दिसत नाही. वीणेकरी तर शब्दच उच्चारीत नाही. ज्याच्याजवळ शब्द नाहीत त्यास वाङ्मयाच्या इतिहासात जागा नाही, असा अलिखित नियम झाला.

आज हीच चूक यंत्राने पक्की केली आहे. कीर्तनात ध्वनिक्षेपक मुख्यतः कीर्तनकारासाठी आणि पेटी व पखवाजासाठी लावला जातो. टाळकऱ्यांच्या ओळी त्याच्या बाहेर राहतात. मंडपाच्या टोकाशी बसलेल्या श्रोत्यास एकट्या माणसाचे गाणे ऐकू येते. पेटीचे स्वर अगोदरच बांधलेले असतात, म्हणून गळ्याची वळणे तिच्याकडे ओढली जातात. तंबोऱ्याच्या ठिकाणी पुष्कळदा विजेवर चालणारी पेटी आली आहे. ती थकत नाही, तिला पहारा लागत नाही. आणि नेमकी हीच तिची उणीव आहे. सप्ताहातील तार अखंड राहते ती माणसे एकमेकांच्या हातात ती देतात म्हणून. जाते तर पिठाच्या गिरणीने घरोघरीचे उचलले, आणि त्याच्याबरोबर ओवीचा आधारस्वर गेला. आज ओवी म्हणून दाखविणाऱ्या वृद्धेसमोर पुष्कळदा जाते नसते, दुसरी स्त्रीही नसते. आपण जे मुद्रित करतो ते त्या गाण्याचे अर्धे अंग असते.

तेव्हा पदव्युत्तर वर्गातील अभ्यासकांनी क्षेत्रकार्यास निघताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात अशी सूचना करावीशी वाटते. मुख्य गायकाबरोबर साथीदारांची मुलाखत घ्यावी, आणि ती वेगळी घ्यावी. पुढच्यासमोर मागचा बोलत नाही. ध्वनिमुद्रण करताना एक यंत्र साथीदारांच्या ओळीत ठेवावे. कोण कोठे श्वास घेतो, चरण कोणत्या अक्षरावर उचलला जातो, वर कोण जातो व खाली कोण राहतो, हे लिहून काढावे. संहिता लिहिताना पुनरुक्ती गाळू नये. ती कोणाच्या तोंडची आहे ते दर्शवावे. तुणतुण्याची व वीणेची तार कोणत्या स्वरास लावली आणि ती कोणाच्या गळ्याप्रमाणे लावली, हे विचारावे. यासाठी संगीतशास्त्राचे पांडित्य लागत नाही. कान मागच्या ओळीकडे लावण्याची सवय मात्र लागते.

अशा नोंदी जमल्या तर मराठी छंदाचा, कीर्तनसंस्थेचा व स्त्रीगीतांचा इतिहास काही ठिकाणी पुन्हा लिहावा लागेल असे आम्हास वाटते. तो लिहिताना जुन्या जालन्यातील आषाढीच्या दिंडीपासून आरंभ करावयास हरकत नाही. तेथे पुढे गाणारा दरवर्षी निराळा असेल. मागे तार धरणारा मनुष्य मात्र असतोच. आपल्या भाषेने ज्यास री ओढणारा म्हणून बाजूस सारले, त्याच्यामुळे हे गाणे सातशे वर्षे तुटले नाही, एवढे तरी इतिहासाने नोंदविले पाहिजे.